कोयता, कळफलक आणि पारावरची मते

२०२५ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या संगणक-सेवा कंपनीने आपले सुमारे बारा हजार कर्मचारी कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. बातमी मुंबईची, कंपनीचा कारभार जगभरचा. परंतु चर्चा रंगली ती बीडच्या बसस्थानकासमोरील चहाच्या टपऱ्यांवर, शाळांतील शिक्षकांच्या खोल्यांत आणि महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर. कोणी म्हणाले, संगणकाचे दिवस भरले. आता यंत्रच अभियंत्याचे काम करणार, तेव्हा पोरांच्या शिक्षणावर लाखो रुपये घालणे हा शुद्ध वेडेपणा आहे. दुसऱ्या बाजूने तितक्याच ठामपणे सांगण्यात आले की, बँकांत संगणक आले तेव्हाही अशीच हाकाटी झाली होती. पुढे काय बिघडले? दोन्ही पक्षांचा चहा संपला, मते मात्र जशीच्या तशी राहिली.

तंत्रज्ञानाच्या बातमीवर मत देण्यास कोणाचीच हरकत नसावी. ज्याच्या घरातील मुलगा हिंजवडीत नोकरीस आहे, त्याला ते देण्याचा पहिला अधिकार आहे. अडचण अशी की, या मतांवर पुढे निर्णय घेतले जातात. बारावीच्या मुलीने कोणती शाखा निवडावी, शैक्षणिक कर्ज काढावे की नाही, दोन एकर जमीन विकावी की ठेवावी, हे प्रश्न अशा गप्पांतून सुटतात किंवा बिघडतात. म्हणून एखाद्या बातमीत नेमके काय आहे आणि काय नाही, हे पाहणे अगत्याचे ठरते.

प्रथम आकडे पाहू. बारा हजार ही संख्या मोठी खरी. पण कंपनीचे एकूण कर्मचारी सहा लाखांहून अधिक होते. म्हणजे शंभरांतील दोघांवर गदा आली आणि तीही मुख्यतः मधल्या व वरच्या श्रेणीतील अनुभवी माणसांवर. याच कंपनीने २०२१-२२ या एका आर्थिक वर्षात सुमारे एक लाख नवपदवीधर घेतले होते. त्या वर्षी पारावरचे मत काय होते? अभियांत्रिकीवाचून तरणोपाय नाही! एक लाख भरती झाली तेव्हा जो उत्साह अवास्तव होता, त्याचेच उलटे रूप बारा हजारांच्या कपातीनंतर दिसले. दोन्ही वेळी बातमी खरी होती, निष्कर्ष तेवढा फाजील होता.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटली. कपातीचे कारण कृत्रिम बुद्धिमत्तेने वाढलेली उत्पादकता नसून, काही कर्मचाऱ्यांची कौशल्ये आणि हाती असलेली कामे यांचा मेळ बसत नाही, हे आहे, असे कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले होते. हा खुलासा कोणी पूर्णपणे मानावा असे नाही. परंतु "यंत्राने माणसे काढली" हे वाक्य बातमीत नव्हतेच. ते वाचणाऱ्यांनी आपल्या मनाने घातले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात कंपनीने एक नियम लागू केला होता. प्रत्येक कर्मचाऱ्याने वर्षातील किमान २२५ दिवस ग्राहकाला ज्यांचे बिल लावता येईल अशा कामावर असले पाहिजे. कामावाचून बसून राहण्याची मुदत वर्षाला ३५ दिवस. या नियमाची चर्चा फारशी झाली नाही. वास्तविक या उद्योगाचे सारे अर्थशास्त्र त्यात सामावले आहे.

हे अर्थशास्त्र साधे आहे. संगणक-सेवा कंपनी परदेशी ग्राहकाला बव्हंशी माणसांचे तास विकत आली. १९६८ साली मुंबईत ही कंपनी निघाली. पुढे पुण्यात १९८१ साली इन्फोसिसचा जन्म झाला. या व्यवसायाचा पाया एकच होता: अमेरिकेतील तासाचा भाव आणि भारतातील तासाचा भाव यांतील अंतर. जेवढी माणसे अधिक, तेवढे तास अधिक आणि तेवढे उत्पन्न अधिक. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे दहा तासांचे काम सात तासांत होऊ लागले, तर ग्राहक सातच तासांचे पैसे देऊ पाहणार, हे उघड आहे. तेव्हा यंत्र किती हुशार आहे हा खरा प्रश्न नाही. वाचलेले तीन तास कोणाच्या पदरात पडणार, हा खरा प्रश्न आहे. ग्राहकाच्या, भागधारकाच्या, की काम करणाऱ्याच्या?

हा प्रश्न बीड जिल्ह्याला नवा नाही. दसरा उलटला की या जिल्ह्यातून माणसे निघतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतील कुटुंबे बैलगाडी वा ट्रॅक्टर घेऊन पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा तेथील हिशेब. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची, अशी ही रीत आहे. याच गावांतील काही मुले-मुली रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीने पुण्याला जातात आणि सकाळी कळफलकासमोर बसतात. १९९५ साली मंजूर झालेल्या अहमदनगर-बीड-परळी रेल्वेमार्गावरील गाडी बीड शहरात पोचण्यास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. रेल्वेच्या आधी इंटरनेट आले, आणि गावात काम येण्याऐवजी गावातील माणूस कामाकडे गेला. कोयता घेऊन गेला काय किंवा पदवी घेऊन गेला काय, आपल्या श्रमाचा भाव दूरच्या बाजारात ठरतो, ही दोघांचीही स्थिती आहे.

हे साम्य ओढूनताणून आणलेले नाही. टोळी फडावर पोचली आणि तोड सुरू झाली नाही, तर ते दिवस कामगाराच्या अंगावर पडतात. संगणक-उद्योगात कामावाचून बसलेल्या माणसाला 'बेंचवर' असल्याचे म्हणतात; पस्तीस दिवसांच्या नियमाने तो काळही आता माणसाच्या नावे लिहिला जाऊ लागला. उचल फिटेपर्यंत मुकादम सोडता येत नाही. अनेक कंपन्यांत नवशिक्या अभियंत्याकडून ठरावीक मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास रक्कम भरून देण्याचा करार लिहून घेतला जातो. कष्टांची, आरोग्याची, प्रतिष्ठेची तुलना अर्थात होऊ शकत नाही. थंडीत पहाटे उसाच्या फडात उतरणारी बाई आणि वातानुकूलित इमारतीत बसणारा तरुण यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परंतु करारातील जोखीम दुबळ्या बाजूकडे सरकते, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

फडातही यंत्र आले आहे. कोयत्याची एक जोडी दिवसाला साधारण दीड-दोन टन ऊस तोडते. तोडणी यंत्र शंभराहून अधिक टन तोडू शकते. यंत्राची किंमत कोटीच्या घरात आहे. ते घेणाऱ्यास किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढे अनुदान देण्याची योजना महाराष्ट्रात राबवली गेली. मजूर मिळत नाहीत, ऊस वेळेवर तुटत नाही, ही कारखान्यांची आणि शेतकऱ्यांची तक्रार खोटी नाही. कोयता पिढ्यान्‌पिढ्या हातात राहावा, असेही कोणी म्हणणार नाही. पण अनुदान यंत्राला मिळते. त्या यंत्रामुळे ज्या जोडीचे काम जाते, तिच्या नावे त्या योजनेत काय आहे? वाचलेल्या श्रमाचा लाभ कोणाला, हाच प्रश्न येथे कोयत्याच्या भाषेत उभा राहतो.

मात्र एका बाबतीत कोयता कळफलकाच्या पुढे आहे, आणि ही गोष्ट सुशिक्षितांनी विचारात घेण्यासारखी आहे. जानेवारी २०२४ मध्ये साखर कारखान्यांचे प्रतिनिधी आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात वाटाघाटी होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ही वाढ पुरेशी आहे असे नव्हे. पण ती मागून, भांडून आणि टेबलावर बसून मिळवलेली आहे. कामगारांच्या कल्याणासाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे तत्त्व मान्य झाले आहे, आणि त्यांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृह योजना आहे. अंमलबजावणीतील उणिवांवर स्वतंत्र लेख लिहिता येईल. उलटपक्षी, संगणक-उद्योगातील नवपदवीधराचे वार्षिक वेतन पंधरा वर्षांपूर्वी तीन लाखांच्या आसपास होते. मोठ्या कंपन्यांत ते आजही साडेतीन लाखांच्या आसपासच घोटाळत आहे. मधल्या काळात पुण्यातील घरभाडे कोठल्या कोठे गेले! तरीही वेतनवाढीसाठी एकत्र बसून बोलणी करावीत, ही कल्पना या सुशिक्षित वर्गाला कमीपणाची वाटत आली. जो तो आपापली पगाराची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवतो.

"बँकांत संगणक आले तेव्हा काय बिघडले?" असे विचारणाऱ्यांनी तो इतिहास पुरता सांगावयास हवा. १९८३ साली बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाविषयी करार झाला. पुढच्या वर्षी डॉ. रंगराजन समितीने बँकांतील संगणकीकरणाचा आराखडा दिला. यंत्रे किती, कोठे आणि कोणत्या कामासाठी, हे बोलणी करून ठरले. यंत्रावर बसणाऱ्यास विशेष भत्ता मिळाला. खतावण्या गेल्या, कारकून राहिला. त्याचे काम बदलले. संगणकाने फारसे बिघडवले नाही, हे खरे. परंतु ते आपोआप घडले नाही. संगणक हळूहळू आणि करार करून आला, म्हणून बिघडले नाही. विरोध करणारे सगळेच अडाणी नव्हते आणि स्वागत करणारे सगळेच द्रष्टे नव्हते. बोलणी करणारे मात्र उपयोगी ठरले.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गाने हा बदल आणखी एका मार्गाने पचवला. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत पोचला. शासकीय नोकरीसाठी त्याची गरज पडू लागली, तेव्हा टंकलेखनाच्या वर्गांच्या शेजारी संगणकाचे वर्ग उभे राहिले. टंकलेखन यंत्र हळूहळू अडगळीत गेले, पण बोटांना कळफलकाची ओळख आधीच होती. तंत्रज्ञान शिकवण्याची स्वस्त आणि जवळची सोय झाली की लोक ते शिकतात, हा अनुभव येथेच आलेला आहे.

मग करावे काय? २०२५ मध्ये बीडसाठी टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहकार्याने सुमारे १९१ कोटी रुपयांच्या कौशल्यविकास केंद्राची घोषणा झाली. अशा केंद्राचे स्वागतच केले पाहिजे. परंतु किती तरुणांना प्रमाणपत्रे दिली, हे त्याचे माप असू नये. शिकलेल्यांपैकी कितींना जिल्ह्यातच काम मिळाले आणि कितींनी पुन्हा रात्रीची गाडी पकडली, हा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. तोडणी यंत्रावर सरकारी पैसा खर्च होत असेल, तर ते चालवण्याचे आणि दुरुस्तीचे प्रशिक्षण कोयत्यावरच्या कुटुंबांतील मुलांना प्रथम मिळावे, आणि त्यांच्या गटाला यंत्राची मालकी मिळण्याची वाट असावी. यंत्र ज्याच्या मालकीचे, त्याला त्याची भीती वाटत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत सांगायचे तर, एखाद्या वर्षीच्या भरतीकडे वा कपातीकडे पाहून शाखा निवडणे म्हणजे एका हंगामाचा भाव पाहून पुढील वर्षीचे पीक ठरवणे होय. कांद्याच्या शेतकऱ्याला त्याची किंमत ठाऊक आहे. गणित, भाषा आणि विचार मांडण्याची शिस्त या गोष्टी कोणत्याही आज्ञावलीपेक्षा अधिक काळ टिकतात. नोकरीच्या पत्रावर सही करण्यापूर्वी त्यातील मुदत, दंडाची रक्कम आणि वेतनाचा हाती पडणारा भाग वाचण्यास मुलांना शिकवणे, हे काम अभ्यासक्रमात नसले तरी शिक्षकाला करता येण्यासारखे आहे. बातमीतील संख्या एकूण कितींपैकी आहे, हा एक प्रश्न विचारण्याची सवय लागली, तरी पुष्कळ घबराट कमी होईल.

पारावरची चर्चा थांबणार नाही, थांबूही नये. पण तंत्रज्ञानाची पुढील बातमी येईल, तेव्हा "यंत्र चांगले की वाईट" या वादात संध्याकाळ घालवण्यापेक्षा तिघांचा हिशेब मागावा: खर्च कोणाचा, बचत कोणाची आणि ज्याचे काम गेले त्याची सोय काय? कारखान्याच्या बाबतीत हा हिशेब मागण्यास ऊसतोड कामगार शिकला आहे. त्याच्याच घरात शिकून अभियंता झालेल्या मुलाने तो मागण्यास का कचरावे?