मोटारगाडीची प्रवासगती व एंजिनाचे फेरे
मोकळ्या रस्त्यावर मोटारगाडी ज्या वेगाने दीर्घकाळ एकसारखी चालविली जाते, त्या वेगाला तिची प्रवासगती म्हणतात. या वेगाला एंजिनाचा भुजादंड म्हणजे क्रँकशाफ्ट दर मिनिटास किती फेरे घेतो (फे./मि.), यावर एंजिनाची झीज, तापमान, आवाज व इंधनाचा खर्च बऱ्याच अंशी अवलंबून असतात. आधुनिक गाडीत हे फेरे कमी राखण्याची सोय दंतचक्र पेटीतच केलेली असते. जुन्या गाड्यांत ती सहसा नसते. म्हणून अशा गाडीची योग्य प्रवासगती तिच्या कमाल वेगावरून न ठरविता एंजिनाच्या फेऱ्यांवरून ठरवावी लागते.

महाराष्ट्रात या प्रकारचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे प्रीमियर पद्मिनी. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात इटलीतील फियाट ११०० या गाडीच्या आराखड्यावरून ही मोटार तयार होत असे. तिच्या चार सिलिंडरांच्या एंजिनाचे आकारमान १,०८९ घ. सेंमी., सिलिंडराचा व्यास ६८ मिमी. व दट्ट्याची धाव ७५ मिमी. आहे. दंतचक्र पेटीला पुढे जाण्यासाठी चार टप्पे असून चौथा टप्पा थेट, म्हणजे १:१ गुणोत्तराचा असतो. मागील आसावरील दंतचक्रांचे गुणोत्तर सु. ४·३ आहे, म्हणजे मागील चाकाच्या एका फेऱ्यासाठी भुजादंडाला ४·३ फेरे घ्यावे लागतात.

फेऱ्यांचे गणित : चाक एका फेऱ्यात सु. १·८५ मी. अंतर तोडते असे धरल्यास चौथ्या टप्प्यात दर किमी. ला एंजिनाचे सु. २,३२५ फेरे होतात. त्यावरून ताशी ६० किमी. वेगाला सु. २,३२५, ८० किमी. ला ३,१०० व १०० किमी. ला ३,८७० फे./मि. अशी गती मिळते. टप्पा न बदलल्यास दर किमी. मागील फेरे मात्र वेग कोणताही असला, तरी तेवढेच राहतात. वेग वाढविल्याने फेऱ्यांची संख्या वाढत नाही, ते कमी वेळात उरकावे लागतात. खरा भार येतो तो या घाईमुळे.

वेगाचे परिणाम : दट्ट्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबून दिशा बदलतो. त्यामुळे संयोगदांडा व धारवे यांवर येणारी जडत्वीय प्रेरणा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० वरून १०० किमी. वर गेल्यास वेगात केवळ चतुर्थांश वाढ होते, पण ही प्रेरणा दीडपटीहून अधिक होते. हवेच्या रोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती जवळजवळ दुप्पट लागते. दट्ट्याची सरासरी गती दर सेकंदास सु. ७·८ मी. वरून ९·७ मी. होते. अँबॅसॅडर गाडीच्या १,४८९ घ. सेंमी. एंजिनात दट्ट्याची धाव ८८·९ मिमी. असल्याने ३,८७० फे./मि. ला हीच गती सु. ११·५ मी. भरते. लांब धावेच्या एंजिनाला जलद फेरे अधिक जाचक का ठरतात, हे यावरून स्पष्ट होईल.

रस्ता व हवामान : पुणे–सोलापूर महामार्ग (पूर्वीचा क्र. ९, आता क्र. ६५) पाटस, भिगवण व इंदापूर या गावांवरून जातो. बारामतीचे रस्ते त्याला पाटस व भिगवण येथे मिळतात. भीमा व नीरा या नद्यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश बव्हंशी सपाट आहे. घाटरस्त्यात चढाला एंजिनावर ताण येतो, पण उताराला त्याला विसावाही मिळतो. सपाट चौपदरी मार्गावर असा विसावा नसतो. एंजिन तासन्‌तास एकाच गतीने फिरत राहते. त्यातच हा पर्जन्यछायेचा भाग असून उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४०° से. च्या आसपास जाते. तेव्हा शीतक पाणी व वंगणतेल या दोहोंची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पणास लागते. केंद्र शासनाच्या २०१८ च्या अधिसूचनेने चौपदरी विभाजित मार्गांवर मोटारींसाठी ताशी १०० किमी. ही कमाल मर्यादा ठरविली. ही मर्यादा वाहतुकीसाठी आहे. जुन्या एंजिनाला तो वेग मानवेल, असा तिचा अर्थ नाही.

आधुनिक गाडीत पाचव्या वा सहाव्या टप्प्याचे गुणोत्तर सामान्यतः एकाहून कमी असते. पद्मिनीला ०·८ गुणोत्तराचा पाचवा टप्पा असता, तर ताशी १०० किमी. वेगाला तिचे एंजिन ३,१०० फे./मि. नेच फिरले असते. मोठ्या व्यासाची चाके बसवूनही फेरे घटतात. परंतु त्यामुळे वेगमापक प्रत्यक्षाहून कमी वेग दाखवितो व चढाला जोर अपुरा पडतो.

दक्षता : भारतात २००० सालापासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. ज्या जुन्या एंजिनांत झडपांच्या बैठका साध्या ओतीव लोखंडाच्या आहेत, त्यांत दीर्घकाळच्या जलद फेऱ्यांनी त्या झिजतात. त्यामुळे तेथे कठीण धातूची कडी बसवून घेणे हितावह असते. या गाड्यांत फेरेमापक सहसा नसतो. तथापि दर किमी. मागील फेरे एकदा काढून ठेवल्यास वेगमापकाच्या आकड्यावरून एंजिनाची गती सहज कळते. पद्मिनीच्या एंजिनाची कमाल शक्ती सु. ५,००० फे./मि. ला मिळते. तिच्या सु. ६० टक्के, म्हणजे ३,००० फेऱ्यांच्या आसपास राहिल्यास चढासाठी व ओलांडण्यासाठी जोर शिल्लक राहतो आणि धारव्यांवरील ताणही मर्यादेत असतो. सुस्थितीतील पद्मिनीसाठी ताशी ७० ते ८० किमी. ही प्रवासगती त्यामुळे उचित ठरते. कडक उन्हात वा गाडी भरलेली असताना ती याहूनही कमी ठेवणे श्रेयस्कर असते.