छत्तीस घरांचे चक्र आणि आपला ‘ळ’

चार मुले एकत्र जमली की मोठ्यांपासून लपवण्याजोगे काही ना काही त्यांना सापडतेच. आमच्या पिढीने त्यासाठी ‘च’ची भाषा वापरली. ‘मी घरी जातो’ हे वाक्य ‘चीम चरीघ चातोज’ असे भरधाव म्हणता आले की केवढी धन्यता वाटे! ही हौस फार जुनी आहे. वात्स्यायनाने सांगितलेल्या ६४ कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ या नावाने सांकेतिक लेखन-भाषणाला स्थान आहे. आपल्याकडील अंकपल्लवी आणि करपल्लवी याच कुळातल्या. वर्ग कितवा, त्या वर्गातले अक्षर कितवे आणि मात्रा कोणती, एवढे अंकांनी वा हाताच्या खुणांनी सांगितले की शब्द पुरा होई.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. आपली वर्णमाला ही नुसती अक्षरांची रांग नव्हे. ते एक गणित आहे. या गणितातून मुलांकडून गुप्तलिपीचे एक यंत्र करून घेता येते. साहित्य म्हणाल तर वहीचा पुठ्ठा, कंपासपेटी आणि एक टिचबटण.

चक्र कसे करावे?

पुठ्ठ्यावर ९ सेंटिमीटर आणि ७ सेंटिमीटर त्रिज्येची दोन वर्तुळे काढून कापावीत. ‘क’पासून ‘म’पर्यंत २५ व्यंजने, पुढे य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ ही ९, आणि शेवटी क्ष, ज्ञ. एकूण ३६. वर्तुळाचे अंश ३६०. म्हणजे प्रत्येक अक्षराला बरोबर १० अंशांचे घर! कोनमापकाने १०-१० अंशांवर खुणा करून दोन्ही चकत्यांवर अक्षरे क्रमाने मांडावीत व त्यांखाली १ ते ३६ हे अंक लिहावेत. मोठ्या चकतीचा परीघ सुमारे ५६.५ सेंटिमीटर येतो. तेव्हा एकेक घर कडेला किती रुंद होईल, हे मुलांनीच भागाकाराने काढावे. लहान चकती मोठीवर ठेवून मधोमध टिचबटण बसवले की चक्र तयार.

आता किल्ली ठरवायची. ७ ही किल्ली घेतली तर बाहेरच्या ‘क’समोर आतला ‘ज’ आणावा, कारण १ + ७ = ८. बाहेर मूळ अक्षर पाहावे आणि त्यासमोरचे आतले अक्षर लिहावे. मात्रा, अनुस्वार आणि स्वतंत्र स्वर जसेच्या तसे ठेवावेत. जोडाक्षरातील प्रत्येक व्यंजन वेगळे बदलावे. क्ष व ज्ञ मात्र एकेकच धरावेत. या रीतीने ‘लाडू फळीवर’ याचे ‘क्षानू वङीज्ञळ’ होते.

यात ‘ळ’चा ‘ङ’ कसा झाला? ३४ + ७ = ४१; पण घरे ३६च. म्हणून ३६ वजा केले, उरले ५. दहा वाजल्यानंतर पाच तासांनी घड्याळात पंधरा नव्हे, तीन वाजतात, तसेच हे. उलट वाचताना ७ वजा करावेत. वजा होत नसतील तर आधी ३६ मिळवावेत. बाकी म्हणजे भागाकारातली अडगळ, असे समजणाऱ्या मुलाला येथे बाकीच कामाची ठरते.

किल्ल्या बदलून पाहिल्या तर आणखी मौज आहे. ५ची किल्ली लावताच क, ख, ग, घ, ङ यांच्या जागी च, छ, ज, झ, ञ हा पुढचा वर्ग जसाच्या तसा येतो. १८ची किल्ली दोनदा लावली की मूळ मजकूर परत मिळतो. १२ची तीनदा, ९ची चारदा. ७ची मात्र ३६ वेळा लावावी लागते. असे का, हा प्रश्न मुलांना विचारावा आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये. विभाज्यतेचा धडा ती स्वतःच शोधून काढतील.

कुलूप उघडणारे

पाठ्यपुस्तके सांगतात ती ज्युलियस सीझरची लिपी हीच. तो प्रत्येक अक्षर तीन घरे पुढे सरकवीत असे. इटलीतील आल्बेर्ती याने पंधराव्या शतकात फिरत्या चकत्यांचे वर्णन केले. पण त्याच्याही कितीतरी आधी, नवव्या शतकात, बगदादच्या अल्-किंदीने कुलूप उघडण्याची रीत लिहून ठेवली होती: कोणते अक्षर किती वेळा येते, ते मोजा.

मराठीत तर चावी अगदी हाताशी आहे. गुप्त मजकुरात वाक्यांच्या शेवटी पुनःपुन्हा ‘आघे’ दिसले, तर ते ‘आहे’च असणार! ‘ह’ ३३वा, ‘घ’ ४था; ४ + ३६ − ३३ = ७. किल्ली सापडली. तेव्हा मुलांना हेही सांगावे की, हे कुलूप खेळातले आहे. ते थोडे मजबूत करायचे तर किल्लीचा अंक न घेता तीन अक्षरी शब्द घ्यावा आणि मजकुराचे प्रत्येक व्यंजन त्यातील पाळीच्या अक्षराच्या अंकाने सरकवावे. मग ३६ × ३६ × ३६ म्हणजे ४६,६५६ किल्ल्या संभवतात. असली कुलुपेही पुढे उघडली गेली. १८६३ साली कासिस्की याने त्याची रीत प्रसिद्ध केली. १९७७ साली रिव्हेस्ट, शामीर आणि ॲडलमन या तिघांनी निर्माण केलेली प्रसिद्ध गुप्तलिपीदेखील बाकीच्याच गणितावर, मात्र प्रचंड संख्यांच्या, उभी आहे.

‘ळ’ गाळला तर?

आता मुख्य मुद्दा. आमच्या इंदुरात काय किंवा ग्वाल्हेरीत काय, मराठी घरांतील बहुतेक मुले हिंदी वा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी कानांवर पडते, पण ती लिहिण्याचा प्रसंग येत नाही. याचा पहिला बळी ‘ळ’. शाळेची ‘शाला’ होते, वेळेची ‘वेल’ होते आणि ‘काळा’ व ‘काला’ यांतला भेद पुसला जातो. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत असलेले हे अक्षर आपल्या नातवंडांच्या जिभेवरून असे निसटावे, ही साधी बाब नव्हे. ओरडून, टोकून ते परत येत नाही, हा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

चक्र मात्र हे काम न बोलता करते. हिंदी वर्णमालेच्या सवयीने मुलाने ‘ळ’ गाळला की घरे ३५ होतात. ३६० ला ३५ने निःशेष भाग जात नाही. खुणा चुकतात आणि शेवटचे घर मोठे उरते. कोणी विचारील, ‘त्र’ का नाही? कारण त्यातले ‘त’ आणि ‘र’ आधीच आलेले आहेत. ‘क्ष’ व ‘ज्ञ’ हीही खरे तर जोडाक्षरेच. पण मराठी परंपरेने त्यांना वर्णमालेच्या शेवटी बसवले, तो मान आपण राखू. एका अक्षरावाचून अख्खे चक्र अडते, हे मुलाने स्वतःच्या हाताने एकदा अनुभवले की, ‘ळ’चे घर पुन्हा रिकामे राहात नाही.

म्हणून वाचकहो, येत्या सुटीत प्रत्येक घरी अशी दोन चक्रे व्हावीत: एक मुलांजवळ, दुसरे आजी-आजोबांजवळ. आठवड्याला एक गुप्त चिठ्ठी जावी आणि एक यावी. आधी मराठीत लिहिल्यावाचून ती गुप्त करता येत नाही, ही यातली खरी मेख. ती मुलांना सांगू नये!

आरंभासाठी एक चिठ्ठी येथे देतो. किल्ली एक अंकी आहे आणि तिने ३६ ला निःशेष भाग जातो. घरातील सर्वांत लहान वाचकाने ती उलगडावी आणि तीत सांगितले आहे तसे करावे:

आथोछी शम्ज्ञ शापख.