लघुगणकाचा पाया लिहिणे का आवश्यक

चंदीगडजवळ मुल्लानपूर येथे टाटा स्मारक केंद्राने उभारलेले ३०० खाटांचे होमी भाभा कर्करोग रुग्णालय २४ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला समर्पित करण्यात आले. कर्करोगाच्या अभ्यासात २ हा पाया असलेला लघुगणक उपयोगी ठरतो. एका पेशीची किती वेळा दुप्पट झाली म्हणजे गाठ बनते, हे त्यावरून कळते.

एक घनसेंटीमीटर गाठीत ढोबळमानाने १०० कोटी पेशी धरल्या, तर सुमारे ३० वेळा दुप्पट व्हावी लागते. मात्र केवळ ‘लॉग’ असे लिहिल्यास घोटाळा होतो. १०० कोटींचा लघुगणक १० या पायाने ९, ‘ई’ म्हणजे सुमारे २.७१८ या पायाने २०.७, तर २ या पायाने २९.९ येतो. कॅल्क्युलेटरवरील ‘लॉग’ हे बटण सहसा १० हा पाया धरते. अनेक संगणकीय भाषांत मात्र त्याच शब्दाचा पाया ‘ई’ असतो.

वेगळ्या पायाचा आलेख काढताना संख्येच्या लघुगणकाला पायाच्या लघुगणकाने भागावे. दोन्हींसाठी बटण एकच वापरावे. पाया १ पेक्षा मोठा असल्यास आलेख चढता, ० आणि १ यांच्या दरम्यान असल्यास उतरता असतो. १ हा पाया घेता येत नाही. प्रत्येक आलेख (१, ०) या बिंदूतून जात असल्याने त्या बिंदूवरून पाया ओळखता येत नाही. म्हणूनच तो चिन्हाच्या पायथ्याशी लहान अंकात स्पष्ट लिहिणे हिताचे ठरते.