हायड्रॉलिकच्या जोडातून तेल गळते?

भिवंडीकडे भाताची चिखलणी सुरू झाली की ट्रॅक्टरला उसंत नसते. नेमके तेव्हाच हायड्रॉलिकचे तेल गळू लागते आणि आपण टेप गुंडाळून पाना आवळतो. सेकंदाला एक थेंब म्हटला तरी दिवसरात्रीत सुमारे 4 लिटर तेल जाते.

आधी औजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर पुढे-मागे हलवून दाब सोडा. मग जोड पुसून ओळखा.

1. निमुळते आटे : इथे तेल आट्यांतच अडते. टेफ्लॉन टेप चालते. टोकाचे दोन आटे मोकळे सोडून आवळण्याच्या दिशेने 2-3 वेढे द्या. टेपचा तुकडा आत गेला तर व्हॉल्व्ह अडकतो.

2. सरळ आटे : इथे तेल वायसर किंवा ओ-रिंग अडवते. टेप नको, त्याच मापाचा नवा वायसर किंवा रिंग टाका.

3. शंकूसारखी बैठक : टेप नको. बैठकीवर चरा असेल तर भाग बदला.

जादा आवळू नका, बिडाचे घर तडकते.

आणि गळती बोटाने कधीही चाचपू नका! बारीक छिद्रातून दाबाचे तेल कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट गमवावे लागू शकते. पुठ्ठा धरून पाहा. तेल घुसलेच तर दुखायची वाट न बघता तडक रुग्णालय गाठा आणि "दाबाचे तेल आत गेले आहे" असे डॉक्टरांना सांगा.