संवाद कळत नाहीत? आधी मधला स्पीकर हलवून पाहा

गाणं लागलं की आवाज कमी करायचा, पात्रं बोलू लागली की वाढवायचा. तुमच्याकडेही रिमोट असा हातातच धरून बसावं लागतं का? लखनौच्या रायबरेली रोडवरच्या वृंदावन योजनेत आमचा फ्लॅट आहे. तिथे सासूबाईंनी ‘मला काही कळत नाही’ म्हणत रविवारचा सिनेमाच सोडून दिला होता. आम्ही सगळे त्यांच्या कानांना दोष देत होतो. खरा दोषी टीव्ही युनिटच्या कप्प्यात होता.

5.1 होम थिएटरमध्ये बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधूनच येतात. आमचा स्पीकर कप्प्यात पार आत ढकललेला आणि त्याच्यासमोर सेट टॉप बॉक्स! अशा जागी आवाज घुमतो, शब्द जाडेभरडे होतात. तुमचाही तसाच असेल तर कप्प्याच्या अगदी कडेपर्यंत पुढे ओढा. मग त्याचं तोंड बसणाऱ्याच्या कानांकडे वळवा. टीव्हीखाली असेल तर थोडं वर, टीव्हीच्या वर असेल तर खाली. मी पुढच्या बाजूखाली मुलाचे दोन खोडरबर सरकवले, काम झालं. प्रत्येक बदलानंतर तीच बातमी किंवा तोच प्रसंग पुन्हा ऐका, नाहीतर फरक कळणार नाही.

आता वायर. रिसीव्हरचा स्विच बंद करा, प्लग काढा आणि मगच हात लावा. लाल टोक लालला, काळं काळ्याला. एकट्या सेंटरचं उलटं जोडलं गेलं तर स्पीकर जळत नाही, पण बाजूच्या स्पीकर्सशी त्याचा मेळ बसत नाही आणि आवाज पोकळ वाटतो. आमचं नेमकं तसंच निघालं. वायरच्या सुट्या तारा एकमेकींना चिकटू देऊ नका. दोन सेंटर स्पीकर एकत्र जोडायचा मोहही टाळा. 8 ओहमचे दोन समांतर जोडले की भार 4 ओहम होतो आणि रिसीव्हर तापू शकतो.

शेवटी रिसीव्हरच्या मेन्यूत तुमच्या सोफ्यापासून सेंटरचं अंतर भरा, त्याची लेव्हल 2-3 डेसिबल वाढवून पाहा. आमचा खर्च शून्य.

परवा सासूबाईंनी अख्खा सिनेमा पाहिला. आता त्यांची तक्रार वेगळीच आहे : हल्ली संवाद लिहिणाऱ्यांना काही सुचतच नाही!