बुधाचा स्पर्श आणि दोनदा आलेला सेकंद

९ मे २०१६ रोजी दुपारी सीवूड्समधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरून मी ओरडलो, "लागला, लागला!" चित्रफितीच्या आवाजात ते ओरडणे आजही ऐकू येते. बुध सूर्यबिंबाच्या कडेला लागला होता हे खरे. पण माझ्या ओरडण्याच्या सत्तावीस सेकंद आधीच. ते सत्तावीस सेकंद कसे शोधून काढले, त्याची ही हकीकत.

बुध किंवा शुक्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या नेमका मधून गेला, की सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकताना दिसतो. याला अधिक्रमण म्हणतात. शुक्राची अधिक्रमणे दुर्मीळ. २००४ आणि २०१२ नंतरचे थेट डिसेंबर २११७ मध्ये. बुधाची शतकात तेरा-चौदा होतात. ठिपका बाहेरून कडेला टेकतो तो प्रथम स्पर्श. पूर्ण आत येऊन आतून कडेला टेकलेला असतो तो द्वितीय स्पर्श. बाहेर पडताना तसेच आणखी दोन.

या स्पर्शांच्या वेळांवर एकेकाळी फार मोठी गोष्ट अवलंबून होती. पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून शुक्राच्या स्पर्शांची वेळ सेकंदापर्यंत मोजली, तर सूर्याचे अंतर पाचशेत एक भाग एवढ्याच चुकीने काढता येईल, असे एडमंड हॅलेने १७१६ मध्ये मांडले. आपल्या बाजूला त्याही आधी जेरेमाया शॅकर्ली नावाचा इंग्रज १६५१ साली सुरतेत बुधाचे अधिक्रमण पाहून गेला. शिवरायांनी सुरत लुटली त्याच्या सुमारे बारा वर्षे आधी. हॅलेच्या योजनेप्रमाणे १७६१ आणि १७६९ मध्ये जगभर मोहिमा निघाल्या, आणि ताहितीवर कॅप्टन कुक आणि त्याच्या शेजारी उभा असलेला खगोलज्ञ ग्रीन यांच्या वेळाही जुळल्या नाहीत. कारण द्वितीय स्पर्शाच्या वेळी ठिपका कडेपासून सुटतच नाही. मध्ये काळी मान राहते, शाईचा थेंब टाकाच्या टोकाला लोंबावा तशी. शुक्राच्या वातावरणावर पुष्कळ वर्षे याचा दोष ठेवला गेला. १९९९ मध्ये ट्रेस या उपग्रहाने बुधाचे अधिक्रमण टिपले. बुधाला म्हणण्यासारखे वातावरण नाही, उपग्रह आपल्या हवेच्या वर, तरीही थेंब दिसला. दोष दुर्बिणीतल्या अपरिहार्य अस्पष्टतेचा, आणि सूर्यबिंब कडेकडे मंद होत जाते त्याचा.

माणसाचा डोळा फसतो म्हणून १८७४ मध्ये जान्सेन या फ्रेंच खगोलज्ञाने फिरत्या तबकडीवर ७२ सेकंदांत ४८ छायाचित्रे घेणारे यंत्र जपानला नेले. सिनेमाच्या इतिहासातही त्याचे नाव येते ते याचमुळे. आमच्या गच्चीवरचा कॅमेरा त्याचाच गरीब वंशज म्हणायचा: दुकानात पाळतीसाठी लावतात तसला, सेकंदाला २५ चित्रे देणारा. त्यातले प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचे, म्हणजे वेळेची पायरी एक-पन्नासांश सेकंदाची. दुर्बीण ८० मिलिमीटरची. सूर्याची गाळणी दुर्बिणीच्या तोंडावर, डोळ्याकडच्या टोकाला कधीही नाही. तिथे ती तापून तडकते आणि मग डोळा जातो.

बुध कडेला कुठे लागणार हे आधी माहीत हवे, कारण मोठ्या चित्रात सूर्याचा एक तुकडाच मावतो. त्याची युक्ती सोपी आहे. दुर्बिणीची मोटार बंद करा आणि सूर्य सरकू द्या. पुढे जाणारी कड पश्चिमेची, मागे राहणारी पूर्वेची. बुध मागच्या कडेने येतो.

गच्चीचे तापलेले सिमेंट, समोर पाम बीच रस्ता, पलीकडे खाडी. सूर्याची कड उकळत्या दुधासारखी हलत होती. खालच्या मजल्यावरचे काका पडद्यावर छत्री धरून उभे होते आणि दर मिनिटाला विचारत होते, "आला का रे?"

त्या दिवशी बुध सुमारे बारा विकला रुंद होता आणि तेवढे अंतर आत शिरायला त्याला तीन मिनिटांहून जास्त लागले, म्हणजे सेकंदाला विकलेचा सोळावा भाग. आमच्या हवेत दोन विकलांपेक्षा लहान खाच दिसणे कठीण. तेवढी खाच व्हायला तीसेक सेकंद लागतात. माझे सत्तावीस सेकंद तिथे गेले. प्रथम स्पर्श पाहणारा नेहमी उशिराच पाहतो. तो स्पर्श दिसण्याची गोष्टच नव्हे.

तो काढावा लागतो. खाच स्पष्ट झाल्यानंतरची चित्रे घ्यायची, पन्नास-पन्नासांची सरासरी करायची, आणि खाचेच्या दोन टोकांमधले अंतर मोजायचे. या अंतराचा वर्ग वेळेबरोबर जवळजवळ सरळ रेषेत वाढतो. आलेखावर ती रेषा मागे ओढत नेली, की जिथे ती शून्याला मिळते तो प्रथम स्पर्श. द्वितीय स्पर्शालाही हेच, फक्त रेषा पुढे ओढायची. काळ्या मानेशी झटापट करावीच लागत नाही. हे काम मला तीन रविवार पुरले, आणि पहिल्या रविवारचे सगळे मोजमाप फेकून द्यावे लागले, कारण मी कड कुठे संपते हे दर चित्रात वेगळे धरत होतो.

पण रेषा कितीही चांगली असो, तिच्याखालचे घड्याळ खरे हवे. चित्रावर वेळ छापणारी जीपीएसची डबी मी लावली होती. जीपीएसच्या घड्याळात १९८० नंतरचे लीप सेकंद धरलेले नाहीत. २०१६ च्या मे महिन्यात ते जागतिक वेळेच्या १७ सेकंद पुढे होते. डबी हे १७ वजा करून वेळ दाखवते, पण किती वजा करायचे ही माहिती उपग्रहाकडून साडेबारा मिनिटांत एकदाच येते. तोपर्यंत डबी जुन्या आकड्यावर चालते. माझी डबी २०१५ च्या आधीची, तिच्या पोटात १६. आणि दुर्बिणीच्या गडबडीत मी ती चालू केली स्पर्शाच्या जेमतेम दहा मिनिटे आधी.

दुसऱ्या रविवारी चित्रे एकेक करून पाहताना जागतिक वेळेचा ११:१४:०९ हा सेकंद मला दोनदा दिसला. आधी वाटले, फीत खराब झाली. मग उमगले, की डबीला त्याच क्षणी खरा आकडा मिळाला होता. म्हणजे प्रथम स्पर्श एक सेकंद पुढच्या घड्याळावर, द्वितीय स्पर्श खऱ्या घड्याळावर. हवेच्या थरथरीने होणारी चूक दोन्हीकडे सारखी झुकते आणि सरासरीत बरीचशी विरते. घड्याळाची चूक हजार चित्रे घेतली तरी तशीच राहते. तो सेकंद चित्रीकरणाच्या मधोमध दोनदा आला म्हणून सापडला. फीत आधी थांबवली असती, तर चुकीचा आकडा मी खात्रीने लिहून ठेवला असता.

सेकंद वजा केल्यावर प्रथम स्पर्श गणिताच्या वेळेहून चार सेकंद उशिरा निघाला, द्वितीय स्पर्श तीन सेकंद लवकर. हौशी माणसाने यावर समाधान मानावे का? मी मानतो. २००४ च्या शुक्राच्या अधिक्रमणात युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या उपक्रमात जगभरच्या हौशींनी साडेचार हजारांवर वेळा कळवल्या. त्यांतून सूर्याचे अंतर १४,९६,०८,७०८ किलोमीटर निघाले. खऱ्या अंतराहून सुमारे अकरा हजार किलोमीटर जास्त. त्यातली एकेक वेळ माझ्या वेळेपेक्षा फार चांगली असेल असे नाही.

२०१९ चे अधिक्रमण मुंबईत सूर्यास्तानंतर सुरू झाले, आम्हाला मिळाले नाही. पुढचे १३ नोव्हेंबर २०३२ रोजी, दुपारी सव्वाबाराच्या आसपास सुरू होऊन साडेचारच्या पुढे संपणारे. चारही स्पर्श आपल्याकडून दिसतील, पावसाळाही सरलेला असेल. डबी माळ्यावर आहे. तिच्यावर चिकटपट्टीने कागद लावला आहे: एक तास आधी चालू करणे.