संकेतस्थळाचा उंबरठा

फतेगंजातून जाताना महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे नाव दिसले की आम्हा बडोदेकर मराठी मंडळींचे मन आजही अभिमानाने भरून येते. विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. पण त्यामागची दृष्टी त्याहून जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पुढे १९१० नंतर त्यांच्याच प्रेरणेने पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. ज्याला ग्रंथालयापर्यंत येता येत नाही, त्याच्यापर्यंत ग्रंथालयाने जावे, हा त्यामागचा विचार होता. या विचाराची आठवण मला गतवर्षी एका जुन्या बालरुग्णामुळे झाली.

अठ्ठावीस आठवड्यांचा जन्मलेला हा मुलगा माझ्याकडे आला तेव्हा काही महिन्यांचा होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या नेत्रपटलाच्या विकाराने त्याची दृष्टी तोवर गेली होती. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासावेत, हा नियम आज आपल्या सर्वांना पाठ आहे. त्याच्या वेळी ती तपासणी राहून गेली. मुलगा मात्र जिद्दीने शिकला, बारावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला आणि परराज्यातील एका विद्यापीठाचा प्रवेश अर्ज भरण्यासाठी लॅपटॉप घेऊन माझ्या दवाखान्यात आला. प्रमाणपत्रांच्या प्रती त्याला हव्या होत्या.

त्याच्या लॅपटॉपवर ‘एनव्हीडीए’ ही पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी मोफत प्रणाली होती. पानावर शीर्षके नीट खुणावलेली असतील, तर एक कळ दाबून तो एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जातो. आपण वर्तमानपत्रावर नजर फिरवतो तसेच. पण त्या संकेतस्थळावर शीर्षके केवळ ठळक अक्षरांची होती. माहितीपत्रक म्हणजे स्कॅन केलेले छायाचित्र; त्यात यंत्राला वाचण्याजोगे एक अक्षरही नव्हते. एक सूचना जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये होती. ती यंत्राने निरर्थक रोमन अक्षरांत वाचली. “डॉक्टरकाका, मला सगळी उत्तरे येतात हो, पण कोणत्या रकान्यात काय विचारले आहे, तेच हे सांगत नाही,” तो म्हणाला. अखेरीस आला चित्रातला कॅप्चा. त्याला ध्वनीचा पर्याय नव्हता. आईने तो वाचला, पासवर्डही तिनेच टाकला. अठरा वर्षांचा मुलगा खाली मान घालून बसला होता.

यातील एकही दोष असाध्य नाही. चित्राला शब्दांत वर्णन जोडणे, प्रत्येक रकान्याला नाव देणे, अक्षर व पार्श्वभूमीच्या रंगांत किमान साडेचारास एक एवढा फरक राखणे, चित्रफितीखाली कर्णबधिरांसाठी संवाद देणे, हात थरथरणाऱ्या विद्यार्थ्याला माउसविना केवळ कळफलकावर सारे करता येणे, हे जागतिक मानकांत केव्हाच नोंदलेले आहे. त्यांची पहिली आवृत्ती १९९९ सालची. आरंभीच काळजी घेतली तर त्याला फारसा खर्च येत नाही. नंतर दुरुस्ती करणे महाग पडते. नवजात तपासणीचे महत्त्व जाणणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

कायदाही आता स्पष्ट आहे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात एकवीस आहेत आणि माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावे, अशी तरतूदही आहे. सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तर एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

तरीही केवळ संगणकीय चाचणीच्या प्रमाणपत्रावर विसंबून चालणार नाही. रिपोर्ट चांगला आला म्हणून आपण रुग्णाला न तपासता घरी पाठवीत नाही. संकेतस्थळाची खरी परीक्षा दृष्टिहीन, कर्णबधिर आणि हालचालीस मर्यादा असलेल्या विद्यार्थ्यांनीच घ्यावी आणि विद्यापीठांनी त्यासाठी त्यांना सन्मानाने बोलवावे.

डॉक्टर बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. आपल्या रुग्णालयाचे संकेतस्थळ उघडून माउस बाजूला ठेवावा आणि केवळ टॅब कळीने अपॉइंटमेंट घेता येते का, ते पाहावे. मी स्वतः हा प्रयोग केला व आमच्याच पानावर दुसऱ्या पायरीला अडकलो. ते पान आम्ही आता दुरुस्त करून घेतले आहे.

त्या मुलाला प्रवेश मिळाला. तो आता वसतिगृहात राहतो, एकटा प्रवास करतो. परीक्षेचा अर्ज भरायच्या वेळी मात्र त्याला अजूनही आईला फोन करावा लागतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जगवण्याचे शास्त्र आपण शिकलो. ती बाळे मोठी होऊन विद्यापीठाच्या उंबरठ्यावर येतात तेव्हा त्यांना तो स्वतःच्या बळावर ओलांडता यावा, हे पाहणेही आपल्याच उपचारांचा भाग आहे, असे मला वाटते.